सकाळचा डोळा

पिंगळी, ता. जि. परभणी
४ ऑगस्ट २०२४

ती. दादास कुसुमचा सप्रेम जय भीम.

इकडं समदे खुशाल हायत. सिद्धोधन रेल्वेच्या गँगवर रुळाच्या कामाला जायलाय. सुकेशनी घरचं समदं बघती, सून म्हणून नावं ठेवायला जागा न्हाई. तुज्या कानाचं मशीन दुरुस्त झालं का? मागं फोन केला तर तू नुसतं "आँ? आँ?" करायलास आन मशीन शिट्ट्या मारायलं. सिद्धोधन म्हणला, आई, मामाला पत्रच टाक, त्याला ऐकू येत न्हाई पण वाचता तर येतं. म्हणून लिवायलेय.

एक गोष्ट सांगायची हाय, हसू नको. माज्या डाव्या डोळ्याची पापणी पडायली. विहारात आषाढ पुनवेपासून ग्रंथवाचन सुरू झालं. अकरा वर्सं झाली, वाचायला मीच बसते, तुला म्हाइती हाय. सांजच्याला सात वाजता बसतो. आदी दोन पानं बरी जातात. मंग पापणी खाली यायला लागती. मी बोटानं वर धरते आन पुढं वाचते. परवा तानुबाई म्हणली, "कुसुमबाई, झोप आली आसंल तर घरी जा की, ग्रंथ काय पळून चाललाय का?" समद्या बाया खदखदा हसल्या. मी पण हसले. पण दादा, मला झोप आली नव्हती रे. मला लय शरम वाटली.

गंमत अशी हाय की सकाळी उठलं की डोळा टक्क उघडा. कायबी झालंच न्हाई असा. हे पत्र मी सकाळी आंघोळ करून लिवायलेय, म्हणून अक्षर बरं हाय.

सुकेशनी म्हणती दवाखान्यात चला. मी म्हणलं, आमचा दादा एकतीस वर्सं कंपाउंडर हुता, आदी त्याला इचारते. तर कळव.

तुजी बहीण,
कुसुम

*

पाथरी
१० ऑगस्ट २०२४

चि. कुसुम हीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. लाल पेनानं तपासून सोबत परत पाठवतोय. सव्वीस चुका हायत. एकसष्टाव्या वर्षी एवढ्या चुका बऱ्या न्हाईत, पण मागल्या टायमाला एकतीस हुत्या, म्हंजी पोरगी सुधारायली.

आता डोळ्याचं. त्या तानुबाईला म्हणावं, तू वाचून दाखव दोन पानं, मंग हस. घाबरू नको. पापणी पडणं म्हंजी एक तर शुगर, न्हाईतर कमजोरी, न्हाईतर चष्म्याचा नंबर बदलला आसंल. परभणीला डोळ्याच्या डॉक्टरला दाखव. पण कसं दाखवायचं ते माझ्याकडून ऐक, कारण दवाखान्यात जायची पण एक अक्कल लागती आन ती लोकायला नसती.

पहाटेच्या पॅसेंजरनं जा. शटर उघडायच्या आदी दारात उभी राहा. पहिला नंबर पाहिजे म्हंजी पाहिजे. मी एकतीस वर्सं नंबरच्या चिठ्ठ्या फाडल्यात. आमचे साहेब देवमाणूस, पण पहिल्या पाच पेशंटला नाडी, जीभ, छाती, पोट समदं बघायचे. पंचविसाव्याला नुसतं तोंड बघून गोळ्या. दुपारनंतर तर कोणताच डॉक्टर डॉक्टर राहत न्हाई, तो घरच्या जेवणाची वाट बघत बसलेला माणूस आसतो. म्हणून सांगतो, दुपारी जाऊन टाइम खोटी करू नको.

इलाज झाला की कळव. फिकीर करू नको, मी बसलोय.

तुझा भाऊ,
तात्याराव

*

पिंगळी
२२ ऑगस्ट २०२४

ती. दादास जय भीम.

तू सांगितलं तसंच केलं. मी आन सुकेशनी पहाटेच्या गाडीनं गेलो. दवाखान्याच्या दारात पोचलो तवा झाडूवाली बाई पण आली नव्हती. पायरीवर बसून शिळी भाकर खाल्ली. नंबर एक! चिठ्ठी अजून माज्या पिशवीत हाय.

डॉक्टर तरणे, गोड बोलायले. बॅटरी मारली, वर बघा, खाली बघा, बोट बघा. म्हणले, "आजी, डोळा तर छान आहे तुमचा." सुकेशनी म्हणली, "साहेब, हिचा डोळा संध्याकाळी पडतो." ते हसले आन म्हणले, "संध्याकाळी सगळ्यांचेच पडतात." थेंब दिले डोळ्यात घालायला. शुगर तपासली, न्हाई निघाली.

त्याच दिवशी सांजच्याला विहारात बसले आन दुसऱ्या पानालाच पापणी आली खाली. आता उजवीपण थोडी थोडी येती. आन दादा, एक नवीनच सुरू झालंय. एक वळ वाचते तर तिच्या वर तीच वळ अजून एकदा दिसती. कोणती खरी ते कळंना. मी मधेच थांबले. आवाज पण सर्दी झाल्यावानी नाकातून यायला लागला, सर्दी नसताना. मंग सुकेशनी माज्या बाजूला येऊन बसली आन माज्या हातातून ग्रंथ हळूच घेऊन पुढलं वाचलं. लय चांगलं वाचती रे ती. बारावी झालेली हाय. बाया म्हणल्या, आवाज किती मोकळा हाय सुकेशनीचा. मी मान हलवली.

आता काय करू ते सांग. थेंबानं कायबी फरक न्हाई, नुसतं चरचरतं.

तुजी,
कुसुम

*

पाथरी
२८ ऑगस्ट २०२४

चि. कुसुमास आशीर्वाद.

एकवीस चुका. शाबास.

थेंबाचं सोड. एकाच्या जागी दोन दिसायले म्हंजी हे डोळ्याचं न्हाई, नसांचं काम हाय. नसांच्या डॉक्टरला दाखव. परभणीत दोघं तिघं हायत, सिद्धोधनच्या साहेबाला इचार कोण चांगला ते. आन परत तेच सांगतो, पहिला नंबर सोडू नको. नसांच्या डॉक्टरकडं तर लय गर्दी, तिथं मागं राहिलीस तर तुला आत ढकलतील आन बाहेर काढतील, मधे काय झालं ते तुलाच कळायचं न्हाई.

मी पण ८ तारखेला, आइतवारी, येतोय. पत्रात बघून इलाज होत न्हाई. मला सोता बघू दे. वांग्याचं भरीत कर, तेल कमी घाल.

तात्याराव

*

पाथरी
१२ सप्टेंबर २०२४

कुसुम,

आज लाल पेन न्हाई, साधं पत्र लिहायलोय, आन जरा कडक लिहायलोय. राग मानायचा आसंल तर मान.

मी आइतवारी दहा वाजता तुझ्या दारात हुतो. एक वाजता निघालो. तीन घंटे तू माझ्यासमोर बसलीस. वांगे भाजलेस, चटणी वाटलीस, माझ्या कानाशी तोंड आणून वरडून वरडून समद्या गावच्या गोष्टी सांगितल्यास. तुझे दोन्ही डोळे माझ्यापेक्षा मोठे! एकदा पण पापणी हलली न्हाई. तू "राहा की, सांजच्याला विहारात चल" म्हणत हुतीस. बहिरा माणूस तिथं बसून काय ऐकणार? आन मला उजेडात पाथरीला पोचायचं हुतं, अंधारात गाडीचा हॉर्न ऐकू येत न्हाई मला.

नसांच्या डॉक्टरचा कागद पण बघितला. "तपासणी नॉर्मल." खाली झोपेची गोळी लिहिलेली हाय. याचा अर्थ तुला कळला न्हाई, मला कळला. डोळ्याचा डॉक्टर म्हणतो डोळा छान. नसांचा म्हणतो नसा छान. तिसरा मी. तिघं काय खोटं बोलायलोत का?

आमच्या साहेबाकडं अशा बाया लय यायच्या. कुणाची छाती भरायची, कुणाचे हात लुळे पडायचे, आन तपासलं की कायबी न्हाई. साहेब मला डोळ्यानं खुणवायचे. मी नुसत्या पाण्याचं इंजेक्शन द्यायचो आन त्या हसत घरी जायच्या. हे मनाचं आसतं, कुसुम. तुझे मालक भुजंगराव गेल्यापासून तू एकटी पडलीस ते मला दिसतं. तुला त्या विहारात मान हुता आन आता सुनेचा आवाज मोकळा हाय असं बाया म्हणतात. इमानदारीनं सांग, ते तुला सोसंना ना? डोळा खाली पडला की समद्यायचं लक्ष परत तुझ्याकडं येतं. तू मुद्दाम करतीस असं म्हणत न्हाई मी. मन करतं.

आता दवाखाने बंद. त्या पोराच्या पगारावर गाड्या फिरवू नको. या डोळ्यापायी परत दवाखान्याची पायरी चढलीस तर तुला माझी शपथ हाय.

तुझ्या भल्याचं सांगणारा,
तात्याराव

*

पिंगळी
२७ सप्टेंबर २०२४

ती. दादास जय भीम.

तुजं पत्र दुपारचं आलं. दुपारी मला आता बारीक अक्षर लागत न्हाई, म्हणून सुकेशनीनं वाचून दाखवलं. ती मधेमधे थांबायली. मी म्हणलं, समदं वाच, गाळू नको. तिनं समदं वाचलं. सुनेची वळ आली तवा तिचा आवाज बारीक झाला.

मी चार दिवस इचार केला. मला आदी लय राग आला तुजा. मंग सोतालाच इचारलं, कुसुम, सून वाचती तवा तुला बरं वाटतं का गं? आन दादा, खरं सांगते, बरं नव्हतं वाटत. थोडं टोचत हुतं. मंग तुजंच खरं की रे. तू एवढी माणसं बघितलीस, तुला कळणारच. मला माजीच लाज वाटली.

आता मी समदं वाचन सुकेशनीला देऊन टाकलंय. मी मागं भिंतीला टेकून ऐकत बसते. डोळे मिटून ऐकलं की कुणाला कायबी दिसत न्हाई. दवाखाना बंद केला. तुजी शपथ हाय ना.

तब्येत बरी हाय. भाकर जरा जड जाती गिळायला, पेज खाते. दात गेलेत. फिकीर करू नको.

कुसुम

*

पाथरी
२१ ऑक्टोबर २०२४

चि. कुसुमास लय लय आशीर्वाद.

याला म्हणतात बहीण! मी चार लोकायला सांगितलं, माझी बहीण चवथी पास, पण सोताचं मन सोता तपासलं तिनं. भल्याभल्यायला जमत न्हाई. बिनगोळीचा इलाज झाला का न्हाई? आमचे साहेब आसते तर म्हणले आसते, तात्याराव, तू तर मला खाऊन टाकशील.

आता तुझी शाळा घेतो. मागलं पत्र काय लिहिलंस? शिरोरेघा कुठं गेल्या? वळी एकमेकीवर चढल्यात. चुका मोजायला घेतल्या आन चाळीसला थांबलो. पोरी, घाईत लिहू नको, कुणी मागं लागलंय का?

अश्विन पुनवेला समाप्ती कशी झाली? खीर किती केली, माणसं किती आली, समदं कळव. दातांचं म्हणतीस तर दिवाळीनंतर पाथरीला ये. इथं कवळी चांगली करतात. कवळी बसली की तू परत भाकरी खायली आन आमचं डोकं पण.

उत्तर लवकर पाठव.

तुझा दादा,
तात्याराव

*

नांदेड
९ नोव्हेंबर २०२४

आदरणीय मामा,

सप्रेम जय भीम. मी सुकेशनी. तुमच्या पत्राला आत्याला उत्तर लिहिता आलं नाही. आम्ही मंगळवारपासून नांदेडला दवाखान्यात आहोत. फोनवर तुम्हाला कळणार नाही म्हणून लिहिते.

आत्याला दिवाळीत सर्दी-ताप आला. गावात इंजेक्शन घेतलं. सोमवारी दूध पाजलं तर नाकातून बाहेर आलं. मंगळवारी दुपारी मान सावरेना, हनुवटी हातानं धरून बसली होती. श्वास छोटा छोटा घ्यायला लागली. आम्ही गाडी करून इथं आणलं, पोचायला संध्याकाळचे साडेसहा वाजले. दोन्ही डोळे पूर्ण मिटलेले होते.

ड्युटीवर एक डॉक्टर मॅडम होत्या. त्यांनी काय केलं ते सांगते. हातमोज्यात बर्फ भरला आणि आत्याच्या डाव्या पापणीवर दोन मिनिटं धरला. मग बर्फ काढला. मामा, पापणी वर गेली. आत्यानं आमच्याकडं बघितलं. सिद्धोधनकडं, मग माझ्याकडं. मी आनंदानं ओरडले. पाच मिनिटं असेल, मग परत खाली आली.

मॅडम म्हणाल्या, या आजारात स्नायूला नसांचा निरोप नीट पोचत नाही. काम केलं की स्नायू थकतात, आराम मिळाला की परत चालतात. म्हणून झोपून उठलं की सकाळी काही दिसत नाही आणि संध्याकाळी सगळं दिसतं. आधी डोळे, मग आवाज, मग गिळणं, मग श्वास. वेळेवर कळला तर बहुतेकांचा गोळ्यांनी आटोक्यात राहतो, माणसं घरची सगळी कामं करतात. मग त्यांनी विचारलं, "तीन महिने झाले म्हणता, मग कुणालाच कसं दिसलं नाही?" मी परभणीचे दोन्ही कागद पुढं केले. त्यावर वेळ छापलेली आहे. एकावर नऊ वाजून पाच मिनिटं, दुसऱ्यावर साडेनऊ. मॅडमनी वेळ वाचली आणि कागद मला परत दिले.

आता श्वासाचे स्नायू थकलेत. बुधवारी तोंडातून नळी घालून मशीन लावलं. महागाची इंजेक्शनं सुरू आहेत. छातीत कफ भरलाय. उशीर झाला असं त्या म्हणतात, पण प्रयत्न करू असंही म्हणतात.

एक गोष्ट तुम्हाला माहीत असावी म्हणून लिहिते. मला सप्टेंबरातच कळलं होतं की डोळा दिवस कलल्यावरच पडतो. मी तुमचं ते पत्र वाचून दाखवल्यावर आठ दिवसांनी आत्याला म्हणाले, "आत्या, आपण एकदा चार वाजता जाऊ, मी दारात बसून राहीन, नंबर कितीही लागू दे." ती म्हणाली, "नको. दादाची शपथ हाय." मी म्हणाले, "शपथेनं काही होत नसतं, आपण असलं मानत नाही." ती म्हणाली, "तू मानू नको, मला एकच भाऊ हाय." नंतर मी आणखी दोनदा विचारलं. घास अडकायला लागला तेव्हाही विचारलं. ती हेच म्हणाली.

शक्य असेल तर या. पत्ता मागं लिहिला आहे.

तुमची,
सुकेशनी

*

नांदेड, दवाखान्याचा व्हरांडा
१४ नोव्हेंबर २०२४

कुसे,

हे पत्र मी बाहेर बाकड्यावर बसून लिहायलोय. सुकेशनीजवळ देतोय, ती तुला कानात वाचून दाखवील. डॉक्टरीण बाई म्हणल्या, तुला ऐकू येतं, समजतं, फक्त डोळे उघडत न्हाईत.

सकाळी मला पाच मिनिटं आत सोडलं. मी बोललो तर सिस्टर धावून आली, आजोबा वरडू नका. मला कळत न्हाई गं मी किती मोठ्यानं बोलतो. तुला बोलता येत न्हाई, मला ऐकू येत न्हाई. आपलं समदं आयुष्य पत्रावर चाललं, आता तुला वाचता पण येत न्हाई. मी तुझ्या पायाजवळ उभा राहिलो आन बाहेर आलो.

सुकेशनीनं मला समदं कळवलंय. दोन्ही कागदावरची वेळ मी सोता बघितली. पहिला नंबर मी लावला. एकतीस वर्सं नंबर फाडले आन सोताच्या बहिणीला दोनदा चुकीच्या वक्ताला डॉक्टरपुढं उभं केलं. आन सोता पण आलो तर सकाळी आलो, दुपारी पळालो. एक सांज थांबलो आसतो तर? तू राहा म्हणत हुतीस. मी गाडीच्या हॉर्नचं निमित्त सांगितलं. खरं कारण सांगू का? मला त्या विहारात बायांसमोर बहिरा म्हणून बसायची शरम वाटत हुती.

आन वर मी तुला म्हणलो, तुझं मनाचं हाय. सुनेवर जळतीस म्हणलो. तू आजारी हुतीस आन मी तुला खोटी ठरवलं, आन तू बिचारी सोताला खोटी समजून बसलीस. त्या बाया ज्यायला मी पाण्याचं इंजेक्शन द्यायचो, त्यातल्या किती खऱ्या हुत्या कुणास ठाऊक. आता कुणाला इचारू?

शपथ सुटली, कुसे. मी घातली हुती, मीच सोडवतो. सुटली, सुटली, सुटली. तू लहान हुतीस तवा तीनदा म्हणल्याशिवाय मानायची न्हाईस.

मला माफ केलं आसंल तर सुकेशनीचा हात दाब. ती मला सांगंल.

दादा

*

पाथरी
२५ नोव्हेंबर २०२४

चि. सुकेशनीस आशीर्वाद.

कुसुमला जाऊन नऊ दिवस झाले. घरात बसवत न्हाई, बाहेर जाववत न्हाई. सिद्धोधनला सांभाळ. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम कधी ठेवलाय ते कळव, मी येतो. आदल्या दिवशी येतो आन राहतो.

एक इचारायचं हाय. दवाखान्यात दोन दिवस इचारायची हिंमत झाली न्हाई. तिला नेलं त्या दिवशी गर्दीत मी तुला इचारलं, पत्र वाचलं का, तिनं हात दाबला का. तू माझ्या कानाशी काही तरी बोललीस, ते मला ऐकू आलं न्हाई. पण तू मान हलवलीस, ते दिसलं. तेवढ्या मानेवर मी जगायलोय, पोरी. नेमकं काय झालं ते सविस्तर लिही. किती जोरात दाबला, किती वेळ. मला ते कागदावर पाहिजे. आता मला काहीच तपासायचं न्हाई, फक्त वाचायचं हाय.

तुझा मामा,
तात्याराव

*

पिंगळी
१ डिसेंबर २०२४

आदरणीय मामा,

सप्रेम जय भीम. पुण्यानुमोदन रविवारी १५ तारखेला ठेवलं आहे. तुम्ही या.

तुम्ही जे विचारलं त्याचं उत्तर लिहायला मी पाच दिवस घेतले. चार वेळा पत्र लिहून फाडलं. सिद्धोधन म्हणतात, म्हाताऱ्या माणसाला लिही की दाबला हात, काय बिघडतं. पण या घरात तुमच्या माझ्या सांगण्यानं आधीच फार काही बिघडलं आहे, म्हणून जे झालं तेच लिहिते.

आत्यानं हात दाबला नाही. मी त्या दिवशी मान हलवली ती खोटी होती. भोवती एवढी माणसं होती, तुम्ही माझ्या तोंडाकडं बघत होता, मला दुसरं काही सुचलं नाही. तुमच्या कानाशी मी "नंतर सांगते" एवढंच बोलले होते.

आता मी जे तुमच्यापासून लपवलं ते सांगते. बुधवारी नळी घालायच्या आधी आत्याला थोडं बोलता येत होतं. शब्द नाकातून यायचे, तुटक. तिनं मला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "दादाला यातलं कायबी कळवू नको. शपथेचं तर आजाबात न्हाई. नुसतं आजार मोठा हुता म्हण. तो सोसणार न्हाई." मी हो म्हणाले. तिनं माझ्याकडून दोनदा हो म्हणवून घेतलं. मग नळी घातली.

तीन दिवसांनी मी तुम्हाला सगळं लिहिलं. वेळ, कागद, शपथ, सगळं. तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहिते असं मी लिहिलं होतं, ते खरं नाही. मला तुमचा राग आला होता. मी तिला मशीनवर बघत होते, आणि मला वाटलं तुम्ही पाथरीत बसून कवळीच्या गोष्टी का कराव्यात. तुम्हालाही लागावं म्हणून लिहिलं. आत्याला सोसत नाही ती सून म्हणून माझा उल्लेख त्या पत्रात मीच मोठ्यानं वाचला होता, तेही मनात होतं.

तुम्ही दिलेलं पत्र मी त्या दिवशी चार वाजता तिच्या कानाशी वाचलं. तिचा उजवा हात माझ्या हातात होता. "सुकेशनीनं मला समदं कळवलंय" या ओळीपाशी आले. मला ती गाळता आली असती. पण तिनंच मला मागं सांगितलं होतं, समदं वाच, गाळू नको. मी वाचली.

तिनं हात काढून घेतला. तिच्या अंगात ताकद नव्हती, चादर सरकवता येत नव्हती, तरी काढून घेतला. मला वाटलं सुटला असेल. मी परत धरायला गेले तर तिनं बोटं मिटून घेतली. पुढचं पत्र मी वाचलं, शपथ सुटली तेही तीनदा वाचलं. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी कानाकडं जात होतं, ते मी पुसलं. हात तिनं दिला नाही. शुक्रवारी दिला नाही आणि शनिवारी ती गेली तेव्हाही मूठ मिटलेलीच होती.

मामा, तुमच्यावर तिचा राग कधीच नव्हता, एवढं मला नक्की माहीत आहे. राग माझ्यावर होता, आणि मला तिची माफी मागता आली असती, पण तिचे कान उघडे होते तोपर्यंत मी फक्त तुमचीच माफी वाचत बसले.

तुमची,
सुकेशनी